बैठ्या घराचं करयोग्य मूल्य एकदम दुप्पट दाखवलंय, हरकत घेऊन खरंच काही होतं का?

बैठंघरवाला

नमस्कार मंडळी. नवी मुंबईत आमचं सिडकोचं बैठं घर आहे. नोडचं (सिडकोने वसवलेल्या आमच्या भागाचं) नाव मुद्दाम टाकत नाही, ऑफिसातले लोकही इथे वाचतात असं ऐकलंय. परवा गेटच्या ग्रिलमध्ये घडी घातलेला एक कागद खोचलेला मिळाला, कोणी आणून दिला, कधी दिला काही पत्ता नाही. उघडला तर पालिकेच्या कर विभागाची विशेष नोटीस. फेरसर्वेक्षणात वाढीव क्षेत्र आणि वापरात बदल आढळला म्हणून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर घरपट्टी निघते ती रक्कम, ९,१८० वरून १९,७१० करायचं प्रस्तावित आहे, हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या, असं त्यात आहे.

आता वाढीव क्षेत्र म्हणजे काय तर गच्चीवर पावसाळ्यासाठी घातलेली पत्र्याची शेड. तीन बाजूंनी उघडी आहे, खाली कपडे वाळतात आणि जुनी सायकल पडलेली असते. वरची खोली वडिलांनी रीतसर परवानगी काढून बांधली होती, तिचा मंजूर नकाशा आहे आणि तिची आकारणी तेव्हाच झालीय. आणि वापरात बदल म्हणजे आई पुढच्या खोलीत मशीनवर बसून शेजारपाजारच्या बायकांच्या साड्यांना पिको-फॉल करून देते, त्याचा एक हातभर पत्रा गेटला लावलाय. सर्व्हेवाला मुलगा आला तेव्हा त्या पत्र्याचा फोटो काढून गेला, आईने त्याला पाणीसुद्धा दिलं होतं. आता ती पुढची खोली बिगरनिवासी दाखवलीय.

अजून एक भानगड म्हणजे नोटीस वडिलांच्या नावावर आहे, ते जाऊन काही वर्षं झाली, नाव बदलायचं राहिलंय. ऑफिसात फोन केला तर म्हणाले आधी नाव बदलून घ्या मग हरकतीचं बघू. असं असतं का? आणि दर बजेटला बातमी येते की कुठलीही करवाढ नाही, मग हे काय आहे? कोणी हरकत घेऊन खरंच मूल्य कमी करून घेतलंय का ते सांगा, नुसतं पालिकेला शिव्या घालणारे रिप्लाय नकोत, त्या मी घरीच घालतोय.

वाशीचा_बंड्या

दादा रेडी रेकनर (जमीन-घरांच्या सरकारी दरांचा तक्ता) वाढलाय ना १ एप्रिल २०२५ पासून, नवी मुंबईत ६.७५ टक्के आणि ठाण्यात ७.७२ टक्के, त्यामुळे सगळ्यांचा टॅक्स वाढणार. काही करता येणार नाही, भरून टाका. सगळीकडे हेच चाललंय.

सेक्रेटरी_घोडबंदर

बंड्याभाऊ, तो आकडा स्टॅम्प ड्युटीचा. घर विकत घेताना मुद्रांक शुल्क त्या तक्त्यावरून काढतात, म्हणून पेपरात एवढा गाजतो. ठाण्यात काय नवी मुंबईत काय, घरपट्टी करयोग्य मूल्यावर आहे, म्हणजे जागा भाड्याने दिली तर वर्षाला रास्त भाडं किती यावं त्यावर. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, गेलेत, तिथे रेकनरशी संबंध येतो. आणि ६.७५ टक्के वाढून ९,१८० चे १९,७१० कसे होतील सांगा बरं.

मूळ पोस्टवाल्या दादांना, हो, हरकत घेऊन कमी होतं. आमच्या सोसायटीत झालंय. बिल्डरने पहिल्या आकारणीच्या वेळी फ्लॅटचं जे क्षेत्र लिहून दिलं ते विक्रीवालं दिलं होतं, जिना-लॉबी-क्लबहाऊस सगळं वाटून घातलेलं, आणि त्यावरच मूल्य काढलं गेलं. आम्ही वर्षानुवर्षं तेच भरत बसलो कारण बिलावर क्षेत्र बघतो कोण, सगळे खालची एकूण रक्कम बघतात. मग एका सभासदाने स्वतःच्या करारनाम्यातला चटई क्षेत्राचा आकडा घेऊन भांडण काढलं. आर्किटेक्टकडून एका विंगची मोजणी करून घेतली, प्रत्येक टाइपच्या फ्लॅटची, आणि ती मंजूर नकाशासोबत जोडून दिली. सुनावणीला गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी आधी विचारलं की कर जास्त वाटतो म्हणून आलात की क्षेत्र चुकलंय म्हणून आलात. आम्ही म्हटलं क्षेत्र चुकलंय. मग पुढचं बोलणं सगळं कागदावर झालं, आवाज कोणाचाच चढला नाही. कर परवडत नाही, पाणी येत नाही, रस्त्यात खड्डे आहेत, हे सगळं खरं असलं तरी त्या टेबलावर काही उपयोगाचं नाही.

पिंपरीहून_सीवूड्स

स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत मिळते ना? पीटी-३ फॉर्म भरून द्यायचा. माझ्या भावाने भरलाय.

सेक्रेटरी_घोडबंदर

ती पुण्याची सवलत. पीटी-३ पण पुण्याचा.

पिंपरीहून_सीवूड्स

बरं मग पुण्याचं पुण्याला ठेवतो.

निवृत्त_कर_लिपिक

मी एका पालिकेच्या कर विभागात आयुष्य काढलंय, ही पालिका नव्हे, पण कायदा एकच आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, आणि त्याच्या मागे अनुसूची ड मध्ये प्रकरण ८ चे कराधान नियम. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

बजेटमधली बातमी खोटी नाही. करवाढ नाही म्हणजे कराचे टक्के वाढवले नाहीत. तुमचं बिल म्हणजे करयोग्य मूल्य गुणिले टक्के. टक्के तेच ठेवून मूल्य हललं की बिल हलतं, आणि मूल्य हलवायला बजेटची गरज नाही, एक सर्व्हे पुरतो. आता ड्रोन-लायडार वगैरे लावून सर्वेक्षणं होतात, वरून गच्चीवरचं सगळं दिसतं, फक्त ते उघडं आहे की बंद ते खाली उभं राहून बघावं लागतं आणि तिथेच घाई होते.

मूल्य कसं निघतं ते समजून घ्या म्हणजे तुमच्या १९,७१० मध्ये काय काय घुसलंय ते तुमचं तुम्हाला काढता येईल. समजा घर ४० चौरस मीटर आणि निवासी दर महिना २० रुपये चौरस मीटर. दर मी समजण्यापुरता धरलाय, तुमच्या विभागाचा दर नोटिशीच्या मागच्या तक्त्यात किंवा ऑफिसात मिळेल. महिन्याचे झाले ८००, वर्षाचे ९,६००, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, राहिले ८,६४०. हे करयोग्य मूल्य. आता त्यातली १० मीटरची खोली बिगरनिवासी केली आणि तो दर ६० धरला तर त्या एका खोलीचेच ६,४८० होतात, उरलेल्या ३० मीटरचे ६,४८०, आणि वर १५ मीटरची शेड निवासी दराने घातली की आणखी ३,२४०. बेरीज १६,२००. घर तेच, भिंत एक इंच हललेली नाही, पण ८,६४० चे १६,२०० झाले. शिवाय बिगरनिवासी भागाला बऱ्याच ठिकाणी कराचे टक्केही वेगळे असतात आणि रोजगार हमी कराची ओळ त्यालाच लागते, म्हणून बिल मूल्यापेक्षाही जास्त उडी मारतं.

तेव्हा पहिलं काम, आकारणीचा उतारा आणि सर्व्हेचा मोजमाप तक्ता मागा, खोलीवार. आकारणी नोंदवहीतली स्वतःच्या मालमत्तेची नोंद बघण्याचा आणि उतरवून घेण्याचा मालकाला व भोगवटादाराला फुकट हक्क आहे, दुसऱ्याची बघायची तर फी भरून. माहिती अधिकाराच्या नादी आत्ता लागू नका, त्याची ३० दिवसांची मुदत आहे आणि तुमच्याकडे पंधरा आहेत. तक्ता मिळाला नाही तरी हरकत मुदतीतच टाका, त्यातच लिहा की तक्ता मागितलाय, मिळाल्यावर पुरवणी म्हणणं देऊ.

नावाचं. हरकतीला नाव बदलाची अट घालता येत नाही. तुमच्या आई त्या घरात राहतात, भोगवटादार आहेत, वारस आहेत. त्यांच्या सहीने अर्ज द्या, सोबत मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा जो कागद असेल तो. नाव बदलाचा अर्ज वेगळा, वेगळ्या आवक क्रमांकाने. दोन्ही एका अर्जात घातलं की तो कागद दोन टेबलांमध्ये फिरत राहतो आणि मुदत संपते. हे मी आत बसून बघितलंय.

अर्जावर शिक्का मारून पोच घ्या. फोनवर बोललो, साहेब हो म्हणाले, व्हॉट्सॲपवर पाठवलं, याला काही अर्थ नाही. नोटीस ज्या दिवशी हातात पडली ती तारीखही अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा, नोटिशीवर छापलेली तारीख बहुतेक आधीची असेल.

नेरूळची_संध्या

दादा, पिको-फॉलचं ऐकून लिहावंसं वाटलं. माझ्या जावेच्या घरी शिवणकामावरूनच असंच झालेलं. वीजबिल घरगुती दराचं आहे ना तुमचं? ते जोडाच. महावितरणच्या दर आदेशात घरातल्या घरात छोटा व्यवसाय असेल आणि महिन्याला ३०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुतीच दर लावतात. आता वीजबिल निवासी आहे म्हणून घरपट्टी निवासीच हवी असा काही नियम नाही, पण साहेबाला एवढं तरी दिसतं की इथे दुकान चालत नाही. जावेने त्याच खोलीत रात्री सासूबाई झोपतात त्या पलंगाचा फोटो पण लावला होता, मशीन आणि पलंग एकाच फोटोत.

वाशीचा_बंड्या

एवढं कशाला करताय, इन्स्पेक्टरला भेटा, चहापाणी द्या, विषय संपला. सगळे तेच करतात.

निवृत्त_कर_लिपिक

बंडू, चहापाणी देऊन तोंडी कमी झालेलं मूल्य पुढच्या सर्व्हेला परत वर येतं, आणि तेव्हा तुझ्या हातात एक कागद नसतो. आदेश असेल तर पुढच्याला उत्तर द्यावं लागतं.

कोपरी_ते_खारघर

एक इशारा देऊन ठेवतो, राग मानू नका. फाईल उघडायच्या आधी घरात परवानगीशिवाय काय काय झालंय ते शांतपणे बघून घ्या. बैठ्या घरांमध्ये पुढची ओटी बंद केलेली, मागे मोरी-संडास वाढवलेला, जिना बाहेर काढलेला, हे घराघरात आहे. हरकतीवर प्रत्यक्ष पाहणी लागली आणि पाहणीला आलेल्या माणसाने शेड सोडून ते सगळं लिहून नेलं तर कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामाची शास्ती मागे लागते, ती मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत असू शकते, दरवर्षी, बांधकाम आहे तोवर. आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. तुमची वरची खोली परवानगीची आहे म्हणता ते उत्तम, पण शेडला परवानगी घेतली होती का? पावसाळी शेडची परवानगी ठरावीक महिन्यांपुरती असते, बारा महिने ठेवली की तो वेगळा विषय.

बाकी आमच्या पनवेलच्या बाजूचं तुम्हाला माहितीच आहे. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, त्या तारखेपासूनचा कर मागाहून एकदम मागितला, लोक म्हणाले तेवढी वर्षं आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरत होतो, एकाच झाडूवाल्याचे दोनदा पैसे कशाला. खारघर, कामोठे, कळंबोली सगळीकडे मोर्चे, हायकोर्टात याचिका. तेव्हा तुमच्या नोटिशीत वाढ कुठल्या तारखेपासून लावलीय ती ओळ नीट वाचा. चालू वर्षापासून की मागच्या कुठल्या वर्षापासून. मागची असेल तर तो स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहा, क्षेत्राच्या भांडणात बुडवू नका.

ॲडव्होकेट_होणार

सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्येच हे सगळं उडवलंय. तो निकाल जोडा, केस संपली.

निवृत्त_कर_लिपिक

निकाल आहे, पण तो मुंबई महापालिकेच्या २०१० आणि २०१५ च्या भांडवली मूल्य नियमांबद्दल आहे. त्यातले नियम २०, २१ आणि २२ रद्द झाले, कारण जमिनीवर उद्या किती मजले बांधता येतील ते आजच धरून मूल्य काढत होते. मुंबईला कायदाही वेगळा आहे, १८८८ चा. तो कागद इथे लावलात तर साहेब एवढंच विचारतील की तुमचं भांडवली मूल्य कुठे काढलंय, आणि मग तुमच्या बाकीच्या चांगल्या मुद्द्यांकडेही ते त्याच नजरेने बघतील.

कोपरीवाल्यांनी सांगितलेलं मात्र गंभीरपणे घ्या.

बैठंघरवाला

सगळ्यांचे आभार. ओटी बंद केलेली नाही, जाळी आहे फक्त. मागे काही वाढवलेलं नाही, उलट शेजाऱ्यांनी वाढवल्यामुळे आमच्याकडे हवा येत नाही. शेडची परवानगी नाही, खरं सांगतो, आमच्या लाइनीत कोणाचीच नसेल. वाढ चालू वर्षापासूनच लावलीय.

काका, उतारा काढला. मोजमाप तक्त्यात शेड १४.८० चौ.मी. आणि तिच्यापुढे वापर ‘खोली’ असं लिहिलंय, भिंती किती, छत कसलं याचे रकाने रिकामे. पुढची खोली ९.६० मीटर ‘दुकान’. शटर नाही, रस्त्याकडे वेगळा दरवाजा नाही, ग्राहक म्हणून बाई येते ती आमच्याच गेटमधून येऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. आता हरकतीत शेडचा मुद्दा घालू का नको या विचारात आहे. बायको म्हणते सरळ शेड काढून टाकू आणि मोकळ्या गच्चीचा फोटो देऊ. आई म्हणते मग गळतीचं काय, ऑगस्टमध्ये वरच्या खोलीत बादल्या तूच लावशील का.

सेक्रेटरी_घोडबंदर

बादल्यांचा हिशोब आधी करा. शेडमुळे मूल्यात किती वाढ आहे ते काढा, त्याचा वर्षाचा कर किती ते बघा. तो वॉटरप्रूफिंगच्या खर्चापुढे काहीच नसेल. मी तुमच्या जागी असतो तर सगळा जोर त्या ‘दुकान’ शब्दावर लावला असता, बिलात मोठा वाटा त्याचाच असणार.

ऑस्टिनवाल्यांचा_मामा

इथलं वाचून गंमत वाटली कारण माझी भाची टेक्सासला ऑस्टिनमध्ये असते, तिलाही दर वसंतात असंच पत्र येतं, घराची किंमत एवढी धरली म्हणून. तिथे हरकत घेणं म्हणजे भांडण समजत नाहीत, निम्मी गल्ली घेते. मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची असेल ती. स्वतः राहत्या घराची नोंद केलेली असेल तर करासाठी धरायची किंमत वर्षाला १० टक्क्यांच्या वर चढवता येत नाही, नवं बांधकाम सोडून. आधी ऑफिसच्या माणसाशी बसून बोलणी होतात, नाही जमलं तर साध्या नागरिकांच्या मंडळापुढे सुनावणी. ही पोरगी बाजूच्या घरांची आकारणी छापून घेऊन जाते, तेवढ्याच मापाची, तेवढीच जुनी, आणि विचारते माझंच जास्त का? तळघरातल्या भेगांचे फोटो पण नेले होते एकदा. आपल्याकडे असं शेजाऱ्याचं दाखवता येतं का?

निवृत्त_कर_लिपिक

येतं, आणि सिडकोच्या घरांना तर ते फार चांगलं लागू पडतं कारण एका टाइपची पन्नास घरं एका मापाची असतात. पण मामा, आपल्याकडे शेजाऱ्याची नोंद काढून दाखवली की शेजाऱ्याची पण नोटीस निघते. मग गणपतीत आरतीला कोण येणार? त्यापेक्षा असं लिहावं की याच टाइपच्या, याच विभागातल्या घरांना लावलेला दर आम्हाला लावावा, घर क्रमांक देऊ नये. नोंदवही त्यांच्याकडेच आहे, त्यांना बघू दे.

बैठंघरवाले, शेडबद्दल माझं मत घोडबंदरवाल्यांसारखंच आहे, पण मुद्दा पूर्ण सोडू नका. एवढंच लिहा की ती तीन बाजूंनी उघडी असल्याने खोली म्हणून धरलेली नोंद वस्तुस्थितीला धरून नाही, फोटो सोबत. परवानगी, पावसाळा, गळती काही लिहू नका. विचारलं तर खरं सांगा. खोलीबद्दल असं लिहा की प्रत्यक्ष वापर राहण्याचा आहे, कुटुंबातली व्यक्ती घरबसल्या स्वतः शिवणकाम करते, कामगार नाही, शटर नाही, वेगळं प्रवेशद्वार नाही, वीजजोडणी घरगुती. आणि शेवटी स्थळ पाहणी करून मगच निर्णय द्यावा अशी विनंती. सुनावणीची तारीख लेखी कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आईंना सोबत न्या, त्यांचंच म्हणणं आहे.

दरम्यान बिल आलं तर काय ते पण सांगून ठेवतो कारण पुढचा प्रश्न तोच येणार आहे. हरकत प्रलंबित आहे म्हणून काहीच न भरता बसू नका, महिन्याला २ टक्के शास्ती चढते. जुन्या मूल्याप्रमाणे होणारी रक्कम तरी लगेच भरा, आणि पूर्ण भरायची वेळ आली तर सोबत एक पत्र द्या की हक्क राखून भरतोय. अभय योजना येईल म्हणून थांबणारे बघितलेत मी, पण त्यात सूट शास्तीवर असते, मूळ करावर नाही.

ॲडव्होकेट_होणार

आणि हरकत फेटाळली तर? कोर्टात जाता येतं ना?

निवृत्त_कर_लिपिक

येतं. कलम ४०६. दिवाणी न्यायाधीशांपुढे अपील, १५ दिवसांत. पण दोन दरवाजे आधी ओलांडायचे. एक, मूल्याविरुद्ध अपील करायचं तर आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली आणि ती निकाली निघालेली असली पाहिजे, म्हणजे जो नोटीस फाडून टाकतो आणि बिल आल्यावर वकील गाठतो त्याचं अपील दारातच अडतं. दुसरं, मागणी केलेली रक्कम आधी पालिकेकडे जमा करायची. म्हणून म्हणतो, सुनावणीतच जे काय ते मांडा. एका बैठ्या घराच्या घरपट्टीसाठी वकिलाची फी, तारखा, बेलापूरच्या खेपा, हे गणित बहुतेकांचं बसत नाही. मोठ्या सोसायटीचं किंवा कारखान्याचं बसतं.

बैठंघरवाला

उशिरा अपडेट देतोय, सॉरी. सुनावणी झाली. आधी पाहणीला एक बाई आल्या होत्या, चांगल्या होत्या, टेप लावून पुढची खोली मोजली, पलंग बघितला, मशीन बघितलं, गच्चीवर पण गेल्या. सुनावणीत साहेबांनी आईलाच विचारलं दिवसाला किती साड्या करता. आई म्हणाली लग्नसराईत चार-पाच, एरवी आठवड्याला तेवढ्या होत नाहीत, गुडघे दुखतात. ते हसले नाहीत पण लिहून घेतलं.

आदेश आलाय. पुढची खोली निवासी धरली. शेड कायम ठेवली, पण ‘खोली’ काढून ‘शेड, अर्धपक्के’ असं करून कमी दर लावलाय. करयोग्य मूल्य आता ११,००० च्या थोडं वर आहे. तसं बरंच झालं म्हणायचं, पण शेडबद्दल मन खातंय, तीन बाजू उघडी असताना एक पैसा तरी का द्यायचा? अपील करू का?

सेक्रेटरी_घोडबंदर

करू नका. दोन हजाराच्या आसपास मूल्य वाढलंय, त्यावरचा वर्षाचा कर किती होतो बघा, एका रिक्षाभर सामानात जातो तो. आणि शेडला परवानगी नाही हे कोर्टात तुम्हालाच सांगावं लागेल.

कोपरी_ते_खारघर

+१. शिवाय ‘शेड’ म्हणून नोंद झाली हे आत्ता तुमच्या बाजूचं आहे, खोली म्हणून राहिली असती तर उद्या तीच वाढीव अनधिकृत बांधकाम म्हणून निघाली असती.

निवृत्त_कर_लिपिक

अभिनंदन, आईंचं. आता एक काम विसरू नका, आदेश निघाला म्हणजे संगणकात दुरुस्ती झाली असं नाही. आदेशाची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि पुढच्या सहामाहीचं बिल आलं की त्यातलं करयोग्य मूल्य, क्षेत्र आणि वापर या तीन ओळी आदेशाशी ताडून बघा. जुनंच बिल निघालं तर नवीन हरकत घ्यायची नाही, आदेशाची प्रत लावून फक्त दुरुस्तीचं पत्र द्यायचं. जास्त भरलं असेल तर पुढच्या बिलात वळतं करून मागा. आणि आता तो नाव बदलाचा अर्ज टाका.

घणसोलीकर_९१

थ्रेड जुना आहे पण विचारतो. आमची विशेष नोटीस घरमालकाच्या जुन्या पत्त्यावर गेली होती, आम्हाला कळलं तेव्हा मुदत संपून गेलेली, आता थेट वाढीव बिल आलंय. फ्लॅट आम्ही स्वतः राहतो, नोंदीत ‘भाड्याने’ लिहिलंय. आता काहीच होणार नाही का?

निवृत्त_कर_लिपिक

फ्लॅट तुमच्या नावावर आहे का आधी ते सांगा. असेल आणि नोटीस आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेली असेल तर हरकत अर्ज आजच द्या, नोटीस कधी आणि कशी कळली ते लिहून, बिलाच्या पाकिटाचा फोटो लावून. उशीर माफ करा अशी वेगळी विनंती त्यातच करा. त्यासोबत, आकारणी नोंदवहीत चालू वर्षात दुरुस्ती करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, नियम २०, त्याखालीही तीच मागणी करा म्हणजे मुदतीच्या कारणाने पहिली फेटाळली तरी दुसरी उरते. स्वतः राहता याला पुरावा म्हणून सोसायटीचं पत्र, शेअर सर्टिफिकेट, वीजबिल आणि गॅसबुक. सोसायटी तुमच्याकडून बिगरभोगवटा शुल्क (फ्लॅट भाड्याने दिला की लावतात ते) घेत नसेल तर तशी ओळ सेक्रेटरीकडून त्या पत्रात घालून घ्या, ती फार कामाला येते. पहिली सहामाही हक्क राखून भरून टाका.

घणसोलीकर_९१

नावावर आहे, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आहे. सेक्रेटरी गावाला गेलाय, सोमवारी येतोय. अर्ज उद्याच देतो, पत्र नंतर जोडलं तर चालेल ना?

निवृत्त_कर_लिपिक

चालेल. अर्जात ‘सोसायटीचं पत्र सादर करीत आहोत’ असं आत्ताच लिहू नका, ‘सादर करू’ लिहा, नाहीतर जोडपत्र अपूर्ण म्हणून परत करतील.